प्रशिक्षकास पत्र कधी लिहावे?

गेल्या नाताळात आमचा भाचा न्यू जर्सीहून सहकुटुंब आला होता. त्याचा धाकटा मुलगा नववीत शिकतो आणि बेसबॉल खेळतो. रांध्यास आमच्या घराच्या ओसरीवर बसून त्याने आम्हांस आपल्या हातातील यंत्रावर एक पत्र दाखविले. एका महाविद्यालयाच्या बेसबॉल प्रशिक्षकास ते त्याने स्वतः लिहिले होते. महाविद्यालयात पाऊल टाकावयास त्याला अजून तीन वर्षांहून अधिक अवकाश! आम्ही विचारले, “अरे, उत्तर आले का?” तो म्हणाला, “नाही आजोबा, त्यांना अजून उत्तर देता येत नाही.”

हा प्रकार आम्हांस नवा होता. तिकडे पहिल्या दर्जाच्या महाविद्यालयांतील प्रशिक्षकांना, विद्यार्थ्याचे अकरावीचे वर्ष तोंडावर येईपर्यंत, प्रवेशाविषयी त्याच्याशी बोलण्याची मनाई आहे. लहान मुलांमागे प्रशिक्षकांचा ससेमिरा लागू नये, हा त्यामागील हेतू. परंतु मुलाने पत्र लिहू नये असे नियम म्हणत नाही. तो लिहितो, पुन्हा सहा महिन्यांनी आपली प्रगती कळवितो. आणि बोलण्याचा दिवस उजाडतो तेव्हा प्रशिक्षकाच्या वहीत त्याचे नाव आधीच असते.

पत्र सहा-सात ओळींचे होते. उंची, वजन, कोणत्या हाताने फेकतो, चेंडूचा ताशी वेग, परीक्षेतील गुण, येत्या उन्हाळ्यात कोठे व कोणत्या तारखांना सामने आहेत, आणि शाळेतील प्रशिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक. विशेषण एकही नाही. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आम्हांस ते पत्र प्रथम अगदी कोरडे वाटले. मग आम्हांस आमचे एक पत्र आठवले आणि त्या रात्री झोप लागली नाही.

ती हकिकत अशी. २०१५ च्या सुमारास आमच्या शाळेत एक मुलगी होती. शेतमजुराची मुलगी, घर डोंगराच्या कडेला, शाळेत येणेजाणे अनवाणी. सहावीत असताना वार्षिक क्रीडामहोत्सवात सहाशे मीटरच्या शर्यतीत तिने आठवीच्या मुलींना मागे टाकले. सातवीतही तेच. क्रीडाशिक्षक म्हणाले, “सर, हिला कोठे तरी पाठविले पाहिजे.” आम्ही म्हणालो, “एक वर्ष आणखी पिकू द्या.” आंब्याच्या बाबतीत हे बोलणे शहाणपणाचे असेल, धावणाऱ्या मुलीच्या बाबतीत नव्हते.

आठवीच्या वर्षाअखेरीस, २०१७ च्या एप्रिलमध्ये, आम्ही एका निवासी क्रीडाकेंद्राच्या प्रशिक्षकास दोन पाने भरून पत्र लिहिले. त्यात ‘हरिणीची चपळाई’ होती, ‘वनवासी कन्येचे अंगभूत तेज’ होते, आणि दारिद्र्याचे वर्णन तर असे की आमचेच डोळे पाणावले. वेळ किती सेकंद, हे मात्र कोठेच नव्हते. प्रशिक्षक सज्जन असावेत. त्यांनी पोस्टकार्डाएवढेच उत्तर धाडले : मुलीची वेळ कळवा, उंची कळवा, जन्मतारखेचा दाखला जोडा, १ जुलै रोजी चौदा वर्षे पूर्ण झालेली नसावीत.

दाखल्यावर तारीख होती १ जून २००३. मुलगी एका महिन्याने हुकली.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांना ही १ जून ठाऊक आहे. घरी जन्मलेल्या, नोंद नसलेल्या मुलाला पहिलीत घालताना ‘साधारण’ वय धरून गुरुजी जी तारीख लावतात, ती हीच. आमच्या भागात अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मल्यासारखा दिसतो! आम्ही तिच्या आईकडे गेलो. ती म्हणाली, दमणचा पूल पडला त्या साली, भातकापणी चालू असताना ही झाली. दमणगंगेवरील तो पूल २८ ऑगस्ट २००३ रोजी कोसळला व त्यात शाळकरी मुले गेली. हे साल या मुलखात कोणी विसरत नाही. म्हणजे मुलगी खरोखर ऑक्टोबर-नोव्हेंबरची. चौदा पूर्ण व्हावयास तिला तीन-चार महिने बाकी होते. पण दाखला दाखला असतो. नोंदवही काढून पाहिली, तर तारखेपुढील अक्षर आमचेच. २००९ च्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग आमच्याकडे होता.

तारीख बदलण्याचा रीतसर मार्ग असतो, तो आम्ही धरलाही. परंतु कागद फिरून येईपर्यंत निवड होऊन गेली होती. एक वर्ष आधी लिहिले असते, तर ती चुकलेली तारीखसुद्धा आड आली नसती. दहावीनंतर मुलगी सिल्वासाच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात लागली.

या गोष्टी नशिबाच्या आहेत असे कोणी म्हणेल. तसे असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. आमच्यापासून फार दूर नसलेल्या नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत पाहा. आमच्या मुलींसारखीच आदिवासी मुलगी, वाटाही तशाच चढउताराच्या. नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली ती वेळेवर आली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा शिक्षकाचा मुलगा. वडिलांनी त्याला २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले, तेव्हा तो नेमबाज नव्हताच; नेमबाजी त्याने तेथे वर्षभर शरीर घडविल्यानंतर निवडली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला त्याने कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राच्या वाट्याला असे वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर बहात्तर वर्षांनी आले.

खाशाबांची गोष्ट निराळी. हेलसिंकीस जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. असे प्राचार्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत, म्हणून तर पत्र लिहावे लागते.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तेथे पुढे धावपटू म्हणून घडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेऊन आला. उशिरा फुलणारी झाडे असतात. परंतु त्याला सैन्यदलाने उचलले; आमच्या मुलीला कारखान्याने उचलले.

आमच्या भागातील मुलांची आणखी एक अडचण आहे. क्रीडा प्रबोधिनी महाराष्ट्रातील मुलांसाठी. आमची मुले मराठी बोलली तरी राहतात केंद्रशासित प्रदेशात. वयाच्या, रहिवासाच्या अटी केंद्रागणिक निराळ्या असतात आणि बदलतही असतात. यास्तव पहिले पत्र केवळ चौकशीचे असले तरी चालते. मूल दहा-अकरा वर्षांचे असताना ते लिहावे, म्हणजे कोणते कागद जमवावयाचे ते तरी वेळेवर कळते. मनगटाचे क्ष-किरण चित्र घेऊन वय पडताळण्याची पद्धतही आता रूढ आहे; तेव्हा दाखल्यात वय कमी लावून घेण्याच्या वाटेस कोणी जाऊ नये.

भाच्याचा मुलगा परत जाण्यापूर्वी त्याने आमच्याबरोबर मैदान मोजले. वर्षानुवर्षे आम्ही ज्याला दोनशे मीटरचा फेरा म्हणत होतो तो फितीने १९१ मीटर निघाला. म्हणजे आमच्या शाळेचे सहाशे मीटरचे सारे विक्रम वाहून गेले. क्रीडाशिक्षक दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मग नव्याने चुना टाकला.

हे सर्व आता का आठवावे? त्या मुलीची धाकटी बहीण सहावीत आहे. जानेवारीत एका रविवारी थोरली तिला हाताला धरून आमच्या दारी आली. कारखान्यातील पाळी संपवून तशीच आली होती. म्हणाली, “सर, ही माझ्यापेक्षा जोरात पळते. हिचं पत्र कधी लिहिणार?” आम्ही तिला आत बसविले, चहा दिला. जुन्या पत्राविषयी ती एक शब्दही बोलली नाही. धाकटीचा जन्म सिल्वासाच्या रुग्णालयातील. जन्मदाखला आहे, आणि नोंदवहीत तीच तारीख आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिघे मैदानावर गेलो. क्रीडाशिक्षकांनी घड्याळ धरले, आम्हीही आमचे धरले. दोन घड्याळांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला. अधिक असलेली वेळ आम्ही लिहून घेतली. एक मिनिट छप्पन्न सेकंद, अनवाणी, मोजलेल्या मैदानावर. पत्रात एवढे लिहिले, उंची व वजन लिहिले, आईवडिलांची उंची लिहिली, वर्गातील हजेरी लिहिली, फेब्रुवारीतील स्पर्धेची तारीख लिहिली, आणि वापी स्थानकापर्यंत मुलीला घेऊन कोण येईल तेही लिहिले. ते नाव थोरलीचे. शेवटी ‘हरिणी’ हा शब्द लेखणीच्या टोकाशी आला होता. तो आम्ही खाली उतरू दिला नाही.

पत्र तीन ठिकाणी पाठविले. एका ठिकाणाहून उत्तर आले आहे : मुलगी अजून लहान आहे, दर तीन महिन्यांनी वेळ कळवीत जा. एप्रिलची वेळ आम्ही कळविली. एक मिनिट त्रेपन्न.