टीव्हीचं पोट

आमच्या लहानपणी टीव्ही म्हणजे कुलपातली चीज होती. लाकडी कॅबिनेट, पुढं सरकतं शटर, शटरला कुलूप, वर क्रोशाचा रुमाल. मागचं झाकण उघडायला तर सक्त मनाई. आमच्या गावात १९८५-८६च्या सुमारास चित्र दिसायला लागलं आणि ते झाकण हक्कानं उघडणारा एकच माणूस मला ठाऊक होता, तो म्हणजे माझा मामू. एसटी स्टँडच्या रस्त्याला त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं.

एकदा एक गिऱ्हाईक दुकानात येऊन चार लोकांसमोर म्हणालं, ‘आमची पिक्चर ट्यूब नवी होती, तुम्ही काढून जुनी बसवलीत.’ मामूनं ट्यूबला हातही लावला नव्हता. पण बंद पेटीच्या आतलं खरं-खोटं दाखवणार कसं? त्या दिवसापासून त्यानं टेबलासमोर एक स्टूल ठेवलं. ‘साहेब, चहा घ्या आणि इथंच बसा. माझे हात बघत राहा,’ असं तो प्रत्येकाला सांगायचा. लोक बसायचे, आत डोकावायचे. कळत कुणाला काहीच नसे. पण बघितलं, एवढ्यावर समाधान मानून जायचे.

हे सगळं मला आठवलं ते दोन वर्षांपूर्वी, अमेरिकेत. मामूचा धाकटा मुलगा ओहायो राज्यात इंजिनीअर आहे. त्याच्या घराजवळ हिलियर्ड या गावी जुन्या टीव्हींचं एक संग्रहालय आहे. तिथं जाता जाता त्यालाही जुने टीव्ही जमवायचा छंद लागला. पण त्याची खास आवड म्हणजे आरपार दिसणाऱ्या पेटीचे संच. त्यानं तळघरातला दिवा लावला आणि फळीवर पाच टीव्ही उघड्या पोटानं उभे दिसले. तांब्याची वेटोळी, हिरव्या पाट्या, चित्रनळीची मान, सगळं उघडं. मला मामूचं टेबलच दिसलं.

या जातीचा मूळपुरुष १९३९ सालचा. त्या वर्षी ३० एप्रिलला न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन सुरू झालं. अध्यक्ष रूझवेल्ट यांचं उद्घाटनाचं भाषण टीव्हीवरून प्रक्षेपित झालं. आरसीए कंपनीनं आपल्या दालनात टीआरके-१२ नावाचा संच मांडला होता. किंमत ६०० डॉलर. त्या काळी एवढ्यात मोटारगाडी येत असे. पण अडचण किमतीची नव्हती, विश्वासाची होती. लोकांना वाटे, आत काहीतरी हातचलाखी आहे. कुठंतरी सिनेमाचं यंत्र लपवलेलं असणार. म्हणून कंपनीनं त्याच संचाची एक पेटी ल्युसाइट या तेव्हा नव्यानं आलेल्या पारदर्शक प्लास्टिकची केली. या, चहूबाजूंनी बघा, आत सिनेमाचं यंत्र नाही आणि माणूसही नाही! शिवाय पाहुण्यांना कॅमेऱ्यापुढं उभं करून, ‘तुम्ही टीव्हीवर दिसलात’ असं कार्ड हातात देत. हा आरपार संच आज टोरोंटोच्या एमझेडटीव्ही संग्रहालयात आहे.

यात एक गंमत आहे. त्या काळी चित्रनळी इतकी लांब असे, की आडवी ठेवली तर पेटी भिंतीत घुसावी. म्हणून टीआरके-१२मध्ये ती उभी बसवलेली असते, तोंड आकाशाकडं. वरचं झाकण उघडायचं, त्याला आतून आरसा असतो, त्यात चित्र बघायचं. आरशात डावं-उजवं बदलतं, म्हणून नळीवर चित्र मुद्दाम उलटं उमटवलेलं. म्हणजे ‘आमच्यात लपवाछपवी नाही’ म्हणणाऱ्या यंत्रातही चित्र बघायचं ते आरशातूनच. मला हे फार आवडलं. कवी माणूस, काय करणार!

एवढा मौल्यवान संच कुणा हौशी माणसाच्या हाती लागणं अशक्यच. माझ्या भावाच्या फळीवर जे आहेत ते वेगळ्या खानदानातले. ते आलेत तुरुंगातून.

अमेरिकेत अनेक तुरुंगांत कैद्याला स्वतःच्या पैशानं छोटा टीव्ही घेऊन कोठडीत ठेवता येतो. पण पेटी पारदर्शक हवी. कारण उघड आहे: बंद पेटीत पातं, अमली पदार्थ, काहीही दडवता येतं. पहारेकऱ्याला झाकण न उघडता आतलं दिसलं पाहिजे. संच साधारण तेरा इंची. भावाकडच्या संचांना स्पीकरच नाही. आवाज ऐकायचा तो फक्त कानाला हेडफोन लावून, शेजारच्या कोठडीला त्रास नको म्हणून. चपटे पडदे आल्यावर हे जाड नळीचे संच निकालात निघाले आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात फिरू लागले. तरुण संग्राहकांना ते आवडतात. १९९८मध्ये निळसर, अर्धपारदर्शक आयमॅक संगणक आला, त्या सुमारास आरपार वस्तूंची फॅशनच निघाली होती. त्या दिवसांची हळहळही यात असावी.

छंद तसा बेताचा, पण जोखमीचा आहे. झाकणाआड काही लपलेलं नसलं तरी धोका जात नाही. रंगीत चित्रनळीला वीस हजार व्होल्टच्या घरात दाब लागतो आणि संच बंद करून वायर काढली तरी नळी काही काळ भार धरून असते. सवय नसलेल्यानं आत बोट घालू नये. नळीच्या आत निर्वात पोकळी असते, तिला तडा गेला तर काचा उडतात. प्लास्टिकचे लाड वेगळेच. उन्हात ते पिवळं पडतं. ॲक्रिलिकवर स्पिरिट किंवा अमोनियाचं काच पुसायचं औषध लावलं, तर बारीक भेगांचं जाळं उमटतं आणि ते कायमचं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बस्स. आणखी एक: अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी जुनं ॲनालॉग प्रक्षेपण थांबवलं. त्यामुळं या संचांवर चित्र आणायचं तर मध्ये एक डबी जोडावी लागते.

भाऊ एका संचाची पाठ मला दाखवत होता. तिथं टोकदार अवजारानं एक आकडा कोरला होता. कैद्याचा नंबर. कुणाचा संच कुणाकडं गेला, हे कळावं म्हणून वस्तूवर नंबर घालतात. भाऊ म्हणाला, ‘भाईजान, हे घासून पॉलिश केलं की काचेसारखं लख्ख होईल. नंबर नसला की किंमतही वाढते.’ त्याच्या हातात पॉलिश पेपर होता.

मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, ‘कुणाचा आहे ते आपल्याला काय माहीत? खुनीही असेल.’ असेलही. खुनी असेल, बापाच्या औषधासाठी चोरी केलेला असेल, कदाचित काहीच न केलेलाही असेल. या पेटीत तारेचा प्रत्येक तुकडा दिसतो, पण रात्री बारा वाजता हेडफोन लावून समोर बसलेला तो माणूस दिसत नाही. त्याच्या उपस्थितीची खूण एवढीच, ते सात आकडे. तीही आपण पुसायची? ‘तुझ्या अब्बांच्या दुकानातलं स्टूल आठवतं का?’ मी विचारलं. त्याला आठवत नव्हतं, तो तेव्हा पाळण्यात होता. मी त्याला ती पिक्चर ट्यूबची हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. पॉलिश पेपर त्यानं ड्रॉवरमध्ये टाकला. नंतर परत काढला की काय, हे मी विचारलेलं नाही.

रात्री त्यानं तोच संच लावला. भारतातून नेलेली एका लग्नाची जुनी कॅसेट त्याच्याकडं होती. आम्ही चौघं समोर बसलो. हेडफोन एकच. ज्याच्या कानाला असेल, तो बाकीच्यांना सांगायचा, ‘आता सनई वाजतेय’, ‘आता खाला रडतेय.’ मग पाच मिनिटांनी हेडफोन दुसऱ्याकडं. माझी पाळी आली तेव्हा पडद्यावर मामू होता. तो कुणाला तरी खुर्ची देत म्हणत होता, ‘बसा, साहेब, बसा.’