ससाण्याच्या मुखाचा सूर्य

पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत माणसाच्या धडावर हत्तीचं मुख असलेल्या मूर्ती वर्षभर घडतात आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. इजिप्तचा सूर्यदेव ‘रा’ माणसाच्या धडावर बहिरी ससाण्याचं मुख घेऊन चित्रात उभा दिसला की मात्र आपण पटकन म्हणतो, ‘हे लोक पक्ष्यांची पूजा करत.’ निदान पेणकरांनी तरी असं म्हणू नये!

इजिप्तच्या कलावंताला देवाचं छायाचित्र काढायचं नव्हतं. उंच आकाशात फिरणारा, खालचं सगळं पाहणारा ससाणा ही सूर्याच्या सामर्थ्याची खूण होती. आता ससाण्याचं मुख होरस या दुसऱ्या देवालाही असतं आणि चंद्रदेव खोन्सूलाही, मग ओळखायचं कसं? डोक्यावर काय आहे ते पाहायचं. नागिणीनं वेढलेली सूर्याची तबकडी असेल तर तो बहुधा रा, म्हणजे त्याचं रा-होराख्ती हे रूप. राजाचा जोडमुकुट असेल तर होरस. चंद्रकोरीत पूर्णबिंब असेल तर खोन्सू. प्राण्यांना तिथे पावित्र्य नव्हतं असं नाही. हेलिओपोलिसचा म्नेविस बैल सूर्याचंच जिवंत रूप मानला जाई. पण चित्रातलं मुख म्हणजेच देव, हे समीकरण चुकीचं आहे.

राचं एकच ठरलेलं रूप होतं, हेही खरं नाही. सकाळचा सूर्य खेप्री, म्हणजे शेणाचा गोळा ढकलत नेणारा भुंगा. दुपारचा रा. संध्याकाळचा आतुम, वृद्ध माणूस. रात्री तोच मेंढ्याच्या मुखाचा होऊन होडीतून पाताळाचे बारा तास पार करतो, वाटेत अपोफिस नावाच्या सर्पाशी झुंज होते आणि पहाटे पुन्हा जन्मतो. आपला सूर्य रथातून जातो. नाईलकाठी होडीशिवाय प्रवास तो कसला? राजांच्या थडग्यांत कोरलेल्या एका स्तोत्रात तर राची पंचाहत्तर रूपं आळवली आहेत.

सूर्यपूजा फारोह आखेनातेननं सुरू केली, असंही ऐकू येतं. त्याचा काळ इ.स.पूर्व चौदाव्या शतकाचा, राज्य सुमारे 17 वर्षांचं. त्याच्या हजारेक वर्षं आधीच राजे स्वतःला ‘राचा पुत्र’ म्हणवत होते आणि सूर्याची देवळं बांधत होते. आखेनातेननं केलं ते वेगळंच: बाकीच्या देवांना बाजूला सारून त्यानं एकट्या सूर्यबिंबाला, आतेनला, मान दिला. त्या बिंबाला मुख नाही, धड नाही. फक्त किरण, आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा हात. आखेनातेनच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत जुने देव परतले.

आणखी एक समज इजिप्तमधल्या अबू सिंबेलचा. तिथल्या देवळात 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरच्या सुमारास सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात, हे खरं. ते दिवस दुसऱ्या रामसेस राजाच्या जन्माचे आणि राज्याभिषेकाचे, याला मात्र पुरावा नाही.

राहता राहिला आपल्याकडचा लाडका तर्क: सूर्यपूजा कोकणात इजिप्तहून आली. संबंध होता, तो व्यापाराचा. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याशेजारचं चौल पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘सेमिल्ला’ नावानं येतं, आणि इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरल्या बंदरांतून जहाजं या किनाऱ्याला लागत. पण ऋग्वेदातला सूर्य त्याहून कितीतरी जुना. भाजे लेण्यातलं रथारूढ शिल्पही, ज्याला अनेक अभ्यासक सूर्य मानतात, ‘पेरिप्लस’च्या आधीचं. बाहेरचा ठसा शोधायचाच तर मूर्तीच्या पायांकडे पाहा. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सूर्याला उत्तरेकडच्या लोकांचा वेश सांगितला आहे, आणि उत्तर भारतातल्या जुन्या सूर्यमूर्ती उंच बूट घालून उभ्या असतात. ती तऱ्हा इराण आणि मध्य आशियाकडची. इजिप्तच्या चित्रांतला रा बहुधा अनवाणीच असतो.