बीटेकनंतर फार्मसी: डिग्री हातात असून बारावीपाशी परत का यावं लागतं?

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आज कोडिंगला सुट्टी, आज फार्मसीबद्दल बोलू.

मी मूळचा वरंधचा, घाटाच्या पायथ्याचा. शिक्षण बीटेक, नोकरी सॉफ्टवेअरची. गावाकडच्या ओळखीच्या मुलांकडून हल्ली एक प्रश्न सारखा येतो. "दादा, बीटेक झालंय, पण आयटीत मन लागत नाही. बिरवाडीला नाहीतर महाडला मेडिकल टाकायचं म्हणतोय. डिग्री आहेच, मग फार्मसी वर्षा-दोन वर्षांत उरकेल ना?"

थोडक्यात उत्तर असं, की फार्मसीच्या दारावर तुमची बीटेकची डिग्री कुणी बघत नाही. तिथं बारावी बघतात. ती कशी होती, कधी झाली, आणि झाली होती का, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी एक प्रश्न स्वतःला

तुम्हाला दुकानाचं मालक व्हायचंय की फार्मसिस्ट? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेडिकलच्या मालकाला फार्मसीची पदवी लागत नाही. किमान १० चौरस मीटर जागा, औषध प्रशासनाचा परवाना आणि दुकानात प्रत्यक्ष हजर असणारा नोंदणीकृत फार्मसिस्ट पगारावर, एवढं असेल तर इंजिनिअरसुद्धा दुकान चालवू शकतो.

यात "प्रत्यक्ष हजर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. "कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्यानं घे आणि भिंतीवर लाव" असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो घेऊ नका. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मसिस्टचं आहे. भिंतीवरची फ्रेम चिठ्ठी वाचत नाही.

आणखी एक. महाड एमआयडीसीत औषध कंपनीत जायचं असेल आणि तुमचं बीटेक केमिकलचं असेल, तर फार्मसी लागेलच असं नाही. औषध उत्पादनाच्या नियमांत केमिकल इंजिनिअरला पदवीनंतर औषधनिर्मितीतल्या किमान ३ वर्षांच्या अनुभवावर देखरेखीची तांत्रिक जबाबदारी घेता येते. त्यामुळं नोकरी सोडायच्या आधी हे तपासा.

पण काउंटरमागं स्वतः उभं राहायचंय, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी व्हायचंय, तर मात्र शाळेत परत जाण्यावाचून गत्यंतर नाही.

नेटवरचा सल्ला आपल्याला का लागू पडत नाही

नेटवर शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ येतात. तिथं दुसऱ्या विषयाची डिग्री असलेला माणूस कॉलेजात सेंद्रिय रसायन, शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे ठरावीक विषय पूर्ण करतो आणि मग साधारण ४ वर्षांच्या फार्म. डी.ला अर्ज करतो. आधीची डिग्री तिथं पायरी म्हणून वापरता येते.

आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडचा फार्म. डी. बारावीनंतर ६ वर्षांचा आहे. त्याचाच ३ वर्षांचा 'पोस्ट बॅकॅलॉरिएट' प्रकार आहे, आणि पोरं इथंच फसतात. नाव वाचून वाटतं की कुठल्याही पदवीधराला चालेल, पण इथं पदवी म्हणजे बी. फार्म.च. एम. फार्म. आणि त्यासाठीची जीपॅट परीक्षा यांचंही तेच. थोडक्यात, मधून आत शिरायला इंजिनिअरसाठी खिडकी नाही.

मग रस्ते दोन

पहिला डी. फार्म. कोर्स २ वर्षांचा, आणि त्यानंतर किमान ३ महिन्यांत ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. प्रवेश बारावी सायन्सच्या गुणांवर होतो, सीईटी नाही. भौतिक आणि रसायन हवंच, जोडीला जीवशास्त्र किंवा गणित. म्हणजे पीसीएमवाला इंजिनिअर चालतो. परीक्षा एमएसबीटीईच्या, म्हणजे आपल्या पॉलिटेक्निकचंच मंडळ. २०२२ च्या नियमांनी यात एक्झिट एक्झाम आली. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. त्यामुळं कॉलेज पास झालो म्हणजे फार्मसिस्ट झालो, असं समजू नका.

दुसरा बी. फार्म. ४ वर्षं, ८ सत्रं, आणि प्रवेशाला एमएचटी-सीईटी. तुमचा इंजिनिअरिंगच्या वेळचा सीईटीचा स्कोअर आता चालत नाही, परीक्षा नव्यानं द्यायची. आपल्या भागातले बरेच इंजिनिअर लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे. त्या विद्यापीठाशी बी. फार्म.ची कॉलेजंही संलग्न आहेत, म्हणजे मार्कशीटवरचं नाव तेच राहू शकतं, पण विषय पहिल्यापासून.

दोन्हीची जोडही होते. डी. फार्म. करून बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मेडिकल चालवायला डी. फार्म. आणि नोंदणी पुरेशी आहे, त्यामुळं तेवढंच ध्येय असलेल्याला मी पहिला रस्ता सांगेन.

नोकरी सांभाळून करू, हे मात्र डोक्यातून काढा. डी. फार्म.ला ७५ टक्के आणि बी. फार्म.ला ८० टक्के हजेरी लागते. वर्क फ्रॉम होमवर हे बसत नाही. २ वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवूनच राजीनामा द्या.

डिप्लोमावरून आलेल्यांसाठी

हा मुद्दा नीट ऐका, कारण आपल्याकडं ही मंडळी खूप आहेत. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग थेट दुसऱ्या वर्षाला बीटेक. या रस्त्यानं आलेल्याकडं बारावी नसतेच. नियमात शब्द आहेत "१०+२, विज्ञान". बीटेकची डिग्री ही अट आपोआप पूर्ण करत नाही. म्हणजे पंचविशी उलटलेल्या इंजिनिअरला खरोखरच बारावी सायन्सला बसावं लागतं, प्रॅक्टिकलसकट. मुक्त विद्यालयातून करायचा विचार असेल, तर फी भरण्याआधी डी. फार्म.च्या प्रवेश सुविधा केंद्रात जाऊन ती चालेल का ते लेखी विचारून घ्या. कॉलेजच्या एजंटच्या तोंडी शब्दावर वर्ष घालवू नका.

तयारी नेमकी कशाची

तुम्ही २०१४-१५ च्या आसपास बारावी झाला असाल, तर माळ्यावरची पुस्तकं तिथंच राहू द्या. राज्य मंडळाची अकरावीची पुस्तकं २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये बदलली. सीईटीत २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नवी पुस्तकं घ्या आणि सुरुवात रसायनापासून करा. मोल, द्रावणाची तीव्रता, आम्ल-आम्लारी, सेंद्रिय रसायनातले क्रियात्मक गट. फार्मसीचा पाया हाच.

जीवशास्त्राची भीती बाळगू नका. बी. फार्म.च्या पहिल्या सत्रात गणितवाल्यांना 'रेमेडियल बायोलॉजी' असतं, जीवशास्त्रवाल्यांना 'रेमेडियल मॅथेमॅटिक्स'. डी. फार्म.ला पहिल्याच वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र येतं, तिथं तेवढी उशी नाही. आदल्या उन्हाळ्यात अकरावी-बारावीचं जीवशास्त्र दोनदा वाचून काढा.

इंजिनिअरला एक गोष्ट सोपी जाते, ती म्हणजे गणित. औषधाचा अर्धायुकाल ६ तास असेल, तर २४ तासांनी शरीरात किती उरेल? चार वेळा निम्मं, म्हणजे सोळावा हिस्सा, साधारण सव्वासहा टक्के. औषध दिवसातून एकदा द्यायचं की चारदा, हे ठरवताना असा हिशोब लागतो.

काउंटरवर ज्ञान कुठं लागतं

लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं पातळ औषध एका बाटलीत ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्या बाटलीत ५ मिलीला २५०. बाटल्या दिसायला सारख्या. "मागच्यासारखाच एक चमचा द्या" असं म्हणून दुसरी बाटली दिली, तर बाळाच्या पोटात दुप्पट औषध जातं.

इन्सुलिनचंही तसंच. मिलीला ४० युनिटची कुपी येते आणि १०० युनिटचीही. सिरिंज त्या-त्या कुपीची हवी, नाहीतर डोस अडीच पट इकडं किंवा तिकडं. शिवाय ते २ ते ८ अंशांत ठेवायचं. आमच्या आईला रोज इन्सुलिन लागतं, म्हणून मला ह्या गोष्टी तोंडपाठ आहेत. श्रावणात वीज गेली, घाट बंद झाला, तर फ्रिजमधली कुपी अजून चांगली आहे का, हे सांगणारा माणूस जवळ लागतो. २२ जुलै २०२१ ला महाड पुराच्या पाण्यात गेलं आणि इकडं तळियेत दरड कोसळली. असे दिवस बघितलेल्या माणसाला जवळच्या दुकानात जाणकार असण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

म्हणून ही २ वर्षं वाया गेली असं धरू नका, आणि शॉर्टकटही शोधू नका. या आठवड्यात फक्त तीन कामं करा. बारावीची मार्कशीट काढून त्यावरचे विषय बघा. मालक, फार्मसिस्ट की कारखाना, यातलं एक कागदावर लिहा. आणि ओळखीच्या मेडिकलमध्ये एक अख्खा रविवार काउंटरच्या आतल्या बाजूला, कशालाही हात न लावता, बसून या. संध्याकाळी पाय दुखत असतानाही हेच काम करावंसं वाटलं, तर रसायनाचं पुस्तक उघडा.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच.