तावदानावरचे दहिवर

पौषातल्या पहाटे, वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात वसलेल्या आमच्या शिरपूर जैन या गावी, रात्री खिडक्या-दारे घट्ट लावून निजलेला माणूस जागा होऊन अंथरुणातूनच खिडकीकडे पाहू लागला, तर अंगणातला कडुनिंब त्याला दिसत नाही. काचेवर दुधाळ पडदा धरलेला असतो, त्यातून जागोजागी पाण्याचे ओघळ उतरलेले असतात, आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत साचलेले चार चमचे पाणी शेजारच्या भिंतीत मुरून तिचा रंग फुगवीत असते. "काचीले घाम सुटला," असे आमच्याकडे म्हणतात. हे बोलणे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण त्या पाण्याचा मोठा हिस्सा खरोखरच खोलीत निजलेल्या माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून आलेला असतो. परंतु घरधन्याची समजूत बहुधा निराळी असते. बाहेरचे धुके फटींतून आत शिरले, काच हलकी निघाली, मिस्त्रीने रबर नीट बसवले नाही, अशा कारणांनी तो आधी काचवाल्याला आणि मग मिस्त्रीला बोलावतो, उरल्यासुरल्या फटी बुजवून घेतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे काचेवर आदल्या दिवसापेक्षा अधिक पाणी पाहून चकित होतो.

या मामल्याचा पहिला खुलासा बोटाच्या टोकाने होतो. काचेवरून आतल्या बाजूने बोट फिरवावे. रेघ उमटली, तर ते पाणी खोलीतल्या हवेतले आहे, आणि ते आले कोठून याचा तपास खोलीतच केला पाहिजे.

फ्रान्समधील माँपेलिए येथील वैद्य शार्ल ल रॉय याने १७५१ साली एक साधा प्रयोग केला. दमट हवा काचेच्या भांड्यात कोंडून त्याने ते भांडे थंड होऊ दिले. ठरावीक थंडी येताच आतल्या बाजूला पाण्याचे कण धरले, आणि भांडे पुन्हा उबदार होताच ते दिसेनासे झाले. बाहेरून पाणी आत जाण्याचा मार्गच नव्हता, तेव्हा जे दिसले ते आतल्याच हवेत अदृश्य रूपाने होते, हे निर्विवाद ठरले. ज्या तापमानाला हे अदृश्य बाष्प दृश्य होऊ लागते त्याला आज आपण दवबिंदू म्हणतो. हवा जितकी उष्ण तितकी तिची बाष्पाची सामाई मोठी: ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर जागेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते, २० अंशांना १७ ग्रॅमच्या थोडे वर, आणि १० अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम. हवा थंड होते तेव्हा ही सामाई आक्रसते, आणि जे बाष्प मावेनासे होते ते जवळात जवळ असलेल्या थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते.

आता आपल्याच खोलीचा जमाखर्च मांडून पाहू. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी खोली घेतली, तर तिचे आकारमान सुमारे ३४ घनमीटर होते. आत २० अंश तापमान असेल, तर त्या सबंध हवेत जास्तीत जास्त ५८० ते ५९० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक, पाणी बाष्परूपाने राहू शकते. निजलेला प्रौढ मनुष्य श्वासावाटे आणि त्वचेवाटे ताशी ४० ग्रॅमच्या आसपास बाष्प सोडतो. नवरा-बायको आणि दोन मुले अशी चार माणसे आठ तास त्या बंद खोलीत निजली, तर मुलांचा वाटा कमी धरूनही एक लिटरभर पाणी हवेत जमा होते. हवा मुळात कोरडी नसतेच. त्यात ही आवक, आणि जावकीचा मार्ग काय तो दाराखालच्या फटीचा. अशा स्थितीत काच ओली झाली नाही, तरच आश्चर्य करावे.

स्वयंपाकघराची कथा याहून मोठी आहे. घरगुती गॅस म्हणजे मुख्यत्वे प्रोपेन आणि ब्यूटेन. त्यांतील हायड्रोजन जळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याचे पाणी होते. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडे अधिक पाणी निर्माण होते, हे रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने निघते. १४.२ किलोचे सिलिंडर घरात येते आणि महिना-दीड महिन्यात रिकामे होऊन जाते, तेवढ्या अवधीत त्याने घराच्या हवेत सुमारे २२ लिटर पाणी ओतलेले असते. भातावरची आणि वरणावरची वाफ याखेरीज वेगळी. चुलीचे लाकूड जळतानाही पाणी निर्माण होई. पण चुलीचा धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून त्याच्यासाठी धुराडे ठेवणे भाग असे, आणि धुराबरोबर वाफही निघून जाई. गॅसने स्त्रियांची डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या व्याधीतून सुटका केली, हा त्याचा उपकार मोठा आहे. मात्र धूर दिसेनासा झाला तसे धुराडेही अनावश्यक मानले गेले, आणि डोळ्यांना न झोंबणारी वाफ घरातच कोंडली गेली.

मग हे सारे पाणी काचेवरच का दिसते? खोलीत २० आणि बाहेर १० अंश असताना एकपदरी काचेची आतली बाजू बारा-तेरा अंशांवर उतरते; नऊ इंची विटेच्या भिंतीची आतली बाजू मात्र त्याहून पुष्कळच उबदार राहते. म्हणजे खोलीची सापेक्ष आर्द्रता त्रेसष्ट-चौसष्ट टक्क्यांच्या पुढे गेली, की काच पाणी धरू लागते, आणि भिंत तेव्हा कोरडीच असते. त्यातही काचेचा खालचा भाग आधी ओला होतो, कारण काचेला लागून थंड झालेली हवा जड होऊन खाली सरकते. चौकट ॲल्युमिनियमची असेल, तर ती काचेच्याही आधी भिजते. लाकडाच्या तुलनेत हा धातू हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. एवंच काच ही घरातील पहिली साक्षीदार होय. तिची साक्ष दुर्लक्षिली, तर पुढे भिंतीचे कोपरे, कपाटाच्या मागची जागा, गाद्यांच्या खालची बाजू अशा ठिकाणी, जिथे वारा फिरकत नाही, काळ्या बुरशीचे ठिपके उमटतात. आणि बुरशीचे बीजाणू दम्याच्या रोग्याला किती छळतात, हे त्या घरच्यांना सांगावे लागत नाही.

आमच्या गावातील जुनी घरे पांढऱ्या मातीची होती. कुटार, म्हणजे भुसा, मिसळून, पायांनी तुडवून, मुरवून केलेल्या गाऱ्याच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर धाबे, उभ्या गजांची आणि लाकडी झडपांची लहान खिडकी, आणि आढ्याच्या जवळ एक झरोका. माती रात्री बाष्प शोषून घेते आणि दिवसा ते पुन्हा हवेला परत करते. तिच्या सूक्ष्म रंध्रांत पाण्याची ही देवघेव सतत चालू असते, म्हणून तशा घरात भिंतीला ओल आली तर ती बहुधा पावसाची असे, माणसांची नसे. आता घरे विटा-सिमेंटची, वर स्लॅब, आणि भिंतीला प्लास्टिकयुक्त रंग, जो पुसता येतो म्हणून लोकप्रिय आहे आणि नेमका त्याच कारणाने भिंतीची रंध्रे मिटवतो. पक्क्या घराची माणसाची आकांक्षा मी चुकीची मानत नाही; दर उन्हाळ्यात धाबे लिंपण्याचे कष्ट ज्यांनी केले आहेत, त्यांना मातीच्या घराचे गोडवे ऐकवणे अन्यायाचे होईल. एवढेच की, जुन्या घरातला बाष्पाचा बंदोबस्त नव्या घरात कोणी केला नाही.

भिंतीची रंध्रे मिटवण्याचा परिणाम काय होतो, याचा दाखला महाराष्ट्रातच अजिंठ्याला आहे. तेथील चित्रे खडकावर दिलेल्या मातीच्या गिलाव्यावर रंगवली आहेत, आणि त्या मातीत तूस, गवत, वनस्पतींचे तंतू असे आमच्या कुटाराच्याच जातीचे द्रव्य मिसळलेले आहे. १८१९ साली ही लेणी पुन्हा जगाच्या नजरेस आल्यानंतर, चित्रे उजळ दिसावीत आणि टिकावीत या सद्हेतूने त्यांवर वेळोवेळी व्हार्निशचे हात फिरले. निजाम सरकारने बोलावलेल्या लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी १९२० ते १९२२ या काळात सुटू पाहणारा गिलावा खडकाला पुन्हा चिकटवण्याचे बहुमोल काम केले, पण त्यांनी वापरलेला लाखेचा लेपही पुढे पिवळट पडला. प्रेक्षकांचे थवे लेण्यांत येऊ लागले, तेव्हा त्यांच्या श्वासाची आर्द्रता आणि उष्णता ही रक्षकांची मोठी चिंता झाली. आमच्या गावाचे नाव ज्यांच्यामुळे देशभर ठाऊक आहे, त्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे स्थानही भुयारात आहे. भुईखालच्या गाभाऱ्यात गर्दीच्या दिवशी जो उकाडा आणि जी दमट हवा जाणवते, तिचे मूळही हेच, शेकडो भाविकांच्या श्वासांत.

टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांचा अनुभव मात्र काचेपेक्षा कठोर आहे. निरभ्र थंडीच्या रात्री टिनपत्रा आपली उष्णता आकाशाकडे किरणांच्या रूपाने टाकीत राहतो, आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. हे तत्त्व विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात सिद्ध केले. बागेत उंच ठेवलेल्या फळीच्या वर आणि खाली त्याने लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवले, आणि सकाळी तोलून पाहिले तेव्हा उघड्या आकाशाखालचा पुंजका कितीतरी अधिक जड निघाला. हिंदुस्थानात उथळ मातीच्या परळांत रात्रभर पाणी उघडे ठेवून बर्फ जमवण्याची जी युक्ती होती, तिचाही विचार वेल्सने त्या निबंधात केला आहे. आमच्याकडे त्याच तत्त्वाने पहाटे टिनाच्या आतल्या बाजूने थेंब गळू लागतात, निजलेल्यांच्या पांघरुणावर आणि गोठ्यातल्या जनावरांच्या पाठीवर पडतात.

आणि सोयाबीनच्या पोत्यांवरही. शासकीय हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा सामान्यतः १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो, म्हणून "मॉइश्चर किती लागलं?" हा प्रश्न आमच्या भागात हंगामभर प्रत्येकाच्या तोंडी असतो. उन्हात नीट वाळवलेला माल भावासाठी दोन महिने टिनाच्या खोलीत थांबवला, आणि वरच्या थरातली पोती कुबट निघाली, तर शेतकऱ्याला वाटते की पाऊस तर पडला नाही, मग पाणी आले कोठून? धान्यही जिवंत असते, तेही संथपणे श्वास घेते आणि बाष्प सोडते. ते बाष्प वर जाऊन थंड पत्र्यावर धरते आणि त्याच पोत्यांवर परत उतरते. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालणे, आढ्यापाशी आणि खाली भिंतीत वाऱ्याला समोरासमोर वाट ठेवणे, पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून अंतर राखून रचणे, एवढी तजवीज केली तरी हे नुकसान पुष्कळ टळते.

खिडकीच्या इलाजाकडे वळताना एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे, कारण त्यापायीच बहुतेक घरांत खिडकी उघडली जात नाही. बाहेर धुके दाटले आहे, आता खिडकी उघडली तर ओल आत येईल, असे सर्वांना वाटते. पण १० अंशांची धुक्याने भरलेली हवाही घनमीटरमागे दहाएक ग्रॅमच पाणी बाळगून असते. ती घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता पंचावन्न-साठ टक्क्यांवर येते. खोलीतल्या रात्रभर कोंडलेल्या हवेपेक्षा ती नक्कीच कोरडी ठरते. म्हणून उठल्याबरोबर समोरासमोरची खिडकी आणि दार दहा मिनिटे सताड उघडावे. घर गारठेल ही भीतीही फारशी खरी नाही: खोलीतल्या हवेचे वजन अवघे चाळीसएक किलो, आणि भिंतींचे पंधरा हजार किलोंच्याही वर, हवा बदलली तरी ऊब भिंतींत शिल्लक राहते, आणि नवी हवा त्या भिंतींच्या ऊबेने लवकरच तापते. काच फडक्याने पुसून ते फडके बाहेर पिळावे, घरातल्या दोरीवर टाकू नये. रांधताना भांड्यावर झाकण आणि खिडकीतला पंखा चालू. आंघोळीनंतर न्हाणीघराचे घराकडचे दार बंद आणि बाहेरची झडप उघडी. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर. अतिथंड देशांत वसलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना दुपदरी काचेचा आधार असतो. आमच्या हवामानात तो खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

उन्हाळ्यात हाच जमाखर्च उलट बाजूने मांडावा लागतो. ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी आर्द्रता १५ टक्के असेल, तर कूलरच्या ओल्या ताट्यांमधून येणारी हवा तत्त्वतः २२ अंशांपर्यंत उतरू शकते. पण खिडकी बंद ठेवली, तर ती हवा तासाभरात बाष्पाने भरते, आणि गारव्याऐवजी चिकचिक पदरी पडते. पावसाळ्यात एसीने गार केलेल्या खोलीची काच बाहेरून धुरकटते, कारण तेव्हा दमट हवा बाहेर असते आणि थंडी आत. तेथे आतून पुसणे व्यर्थ, एसीचे तापमान दोन-चार अंश वाढवणे हाच उपाय.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराला मागच्या अंगाने एक खोली वाढवली, तेव्हा मिस्त्रीला मी वरच्या बाजूला, स्लॅबच्या हातभर खाली, दोन विटांची जागा मोकळी सोडायला सांगितली. "काका, आता झरोका कोन ठेवते? उद्या एसी लावसान तं बुजवाच लागन," असे तो आदराने म्हणाला, तरीही त्याने जागा सोडली, बाहेरून जाळी ठोकली आणि पावसाचा फवारा आत येऊ नये म्हणून वर एक तिरपी फरशी बसवून दिली. या पौषात त्या खोलीत आम्ही तिघे निजत होतो. पहाटे काच पाहिली, तर खालच्या कडेला चार बोटे रुंदीचा धुरकट पट्टा होता, आणि त्याच्या वर कडुनिंब स्वच्छ दिसत होता.