शिधा द्यावा तर पोषणाचा

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या अनेक चर्चच्या दारात मोठी खोकी मांडली जातात. थँक्सगिव्हिंग आणि नाताळ तोंडावर आलेले असतात. रविवारच्या प्रार्थनेला येणारी कुटुंबं सोबत टिकाऊ खाद्यपदार्थ आणतात आणि त्या खोक्यांत ठेवतात. याला तिथे 'फूड ड्राइव्ह' म्हणतात. मुलांकडे काही महिने राहून आलेल्या मराठी आईवडिलांनी हे पाहिलेलं असतं. नातवंडांच्या शाळेतूनही असे पदार्थ मागणाऱ्या चिठ्ठ्या घरी येतात.

चर्च आणि अन्नवाटप यांचं हे नातं जुनं आहे. आजच्या 'फूड बँके'चा जन्मही चर्चच्याच आधाराने झाला. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल हे निवृत्त व्यावसायिक गरिबांच्या भोजनगृहात सेवा करत. दुकानांनी टाकून दिलेल्या मालातून मुलांसाठी अन्न शोधणारी एक आई त्यांना भेटली. पैसे ठेवावेत-काढावेत तशी अन्नाचीही बँक असायला हवी, हा विचार तिच्याशी झालेल्या बोलण्यातून पुढे आला. सेंट मेरीज चर्चने जागा दिली आणि 1967 मध्ये पहिली फूड बँक उभी राहिली. पहिल्याच वर्षी तिने सुमारे सव्वा लाख किलो अन्न 36 संस्थांपर्यंत पोहोचवलं. आज 'फीडिंग अमेरिका' या जाळ्यात सुमारे 200 फूड बँका आहेत. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम. तिथला माल 'पँट्री'त जातो आणि तिथून गरजू कुटुंबाच्या हातात पडतो. अशा कितीतरी पँट्री चर्चच्या तळघरात चालतात आणि तिथली कामं स्वयंसेवक करतात. सद्हेतूने अन्न देणाऱ्याला कायद्याची भीती वाटू नये म्हणून 1996 मध्ये संरक्षण देणारा केंद्रीय कायदाही झाला.

एवढी चांगली व्यवस्था असूनही खोक्यात बऱ्याचदा नूडल्सची पाकिटं, गोड बिस्किटं आणि कपाटात मागे पडलेले डबे येतात. देणाऱ्याचं कपाट रिकामं होतं, घेणाऱ्याचं पोट भरतं. पण शरीराला लागतं ते मिळत नाही. 'फीडिंग अमेरिका'च्या 2014 च्या पाहणीत मदत घेणाऱ्या 58 टक्के कुटुंबांत कुणाला तरी उच्च रक्तदाब होता आणि 33 टक्के कुटुंबांत मधुमेह. अशा घरात मीठ आणि साखर भरपूर असलेला शिधा गेला तर तो दुखण्यात भर घालतो. दूध आटलेल्या गायी दान करणाऱ्या वडिलांना पाहून उपनिषदातल्या नचिकेताला प्रश्न पडला होता, अशा दानाचा काय उपयोग? तोच प्रश्न खोक्यापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा.

मग द्यायचं काय? प्रथिनांसाठी डबाबंद राजमा, छोले, पाण्यातला ट्यूना, शेंगदाण्याचं लोणी, सुक्या डाळी. धान्यात ओट्स, ब्राऊन राइस, अख्ख्या गव्हाचा पास्ता. भाज्यांचे डबे कमी मिठाचे आणि फळांचे डबे साखरेच्या पाकातले नव्हे, तर फळांच्याच रसातले. डबाबंद कडधान्यं निथळून पाण्याने धुतली तर त्यातलं सोडियम सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतं. ही सूचना डब्यासोबत लिहून दिली तरी मोठी मदत होते. झाकण हाताने ओढून उघडता येईल असा डबा निवडावा, कारण मोटारीत किंवा निवाऱ्यात राहणाऱ्याकडे डबा फोडायचं साधन असेलच असं नाही. काचेच्या बरण्या फुटतात, त्या टाळाव्यात.

फुगलेला, गंजलेला, खोल पोचा पडलेला डबा मुळीच देऊ नये. त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. 'बेस्ट बाय' तारीख बहुतेक वेळा चवीची आणि दर्जाची असते, सुरक्षिततेची नव्हे. लहान बाळांच्या फॉर्म्युला दुधाची तारीख मात्र काटेकोर पाळायची असते. तरीही आपण स्वतः खाणार नाही असं जुनं काही देऊ नये. परदेशातल्या आपल्या माणसांसाठी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. घरचं लोणचं, भाजणी किंवा सुट्या पिशवीत भरलेली डाळ कितीही प्रेमाने दिली तरी ती सहसा स्वीकारली जात नाही. घटक आणि ॲलर्जीची माहिती छापलेलं, मूळ सीलबंद पाकीटच लागतं. तूरडाळ, मूगडाळ, तांदूळ अशा पाकिटांत आनंदाने देता येतात.

वेळही पाहायला हवी. सणासुदीला खोकी भरून वाहतात, पण उन्हाळ्यात शाळा बंद होतात आणि मुलांचं शाळेतलं जेवण थांबतं. नेमक्या तेव्हा देणारे कमी असतात. महिनाअखेरीस सरकारी मदत संपत आली की पँट्रीसमोरची रांगही वाढते. शक्य असेल त्यांनी रोख देणगी द्यावी. घाऊक खरेदीमुळे फूड बँक त्याच पैशात कितीतरी जास्त अन्न आणू शकते.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही दानपेटीसाठी सामान काढताना, मग ती चर्चमधली असो, मंदिरातली असो की शाळेतली, आधी पँट्रीला काय हवं ते विचारा. मग डब्यावरचं मीठ-साखरेचं प्रमाण वाचा आणि आपल्या मुलांच्या ताटात वाढाल तेच द्या.