दस्तऐवज शोधसाधनांचे मूल्यमापन
दस्तऐवज शोधसाधनांचे मूल्यमापन : संगणकीय संग्रहातील कागदपत्रांतून विचारलेल्या प्रश्नाशी संबंधित मजकूर शोधून देणाऱ्या साधनांची उपयुक्तता ठरविण्याच्या पद्धतींस ही संज्ञा लावतात. पूर्वी अशी साधने मुख्यत्वे ग्रंथपाल, संशोधक व सामान्य वाचक वापरीत. २०२० नंतरच्या काळात ‘एजंट’ या नावाने ओळखले जाणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रमही ती वापरू लागले. असा एजंट प्रश्नाचे टप्पे पाडतो, शोधसाधनाकडे पृच्छा करतो, मिळालेले उतारे वाचतो आणि त्यांवरून उत्तर रचतो. जाणकार माणूस कालबाह्य कागद ओळखून बाजूला ठेवतो. एजंट मात्र पुष्कळदा हाती आलेल्या उताऱ्यावरच विसंबून सफाईदार उत्तर देतो. त्यामुळे शोधातील चूक उत्तराच्या भाषेत झाकली जाते. साधनाने काही मजकूर आणून दिला एवढ्यावरून त्याची योग्यता ठरत नाही, ती याच कारणाने.

इतिहास : या विषयाचा शास्त्रीय पाया इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथील वैमानिकी महाविद्यालयात सिरिल क्लेव्हरडन यांनी घातला. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगमालिकेत १,४०० लेखांचा संग्रह, ठराविक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला कोणते लेख उपयोगी आहेत याचा आधीच केलेला निवाडा, अशी तीन अंगे होती. संग्रह, प्रश्न व निवाडा ही त्रयी आजही मूल्यमापनाचा आधार आहे. अमेरिकेत १९९२ पासून मोठ्या संग्रहांवर अशा चाचण्या होऊ लागल्या. भारतात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकीय संस्थेच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात हिंदी व बंगालीबरोबर मराठीचाही संग्रह होता, तो सु. ९९,००० वृत्तपत्रीय मजकुरांचा होता. मराठीत शब्दांना प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहिली जात असल्याने शब्दाचे मूळ रूप वेगळे काढल्यास शोध सुधारतो, असे त्यावरील अभ्यासांत दिसून आले.

मापे : परिशुद्धता व व्याप्ती ही दोन मूलभूत मापे होत. समजा, एखाद्या प्रश्नाला उपयोगी असे १० कागद संग्रहात आहेत. साधनाने ८ कागद दिले आणि त्यांपैकी ६ उपयोगी निघाले. येथे परिशुद्धता ६/८ म्हणजे ७५ टक्के आणि व्याप्ती ६/१० म्हणजे ६० टक्के होते. उपयोगी कागद यादीत किती वर आला, हेही पाहतात. कारण एजंट बहुधा पहिले थोडेच उतारे वाचतो.

एजंटाच्या बाबतीत ही मापे अपुरी पडतात. म्हणून तेच प्रश्न तीन प्रकारे विचारतात : साधनाविना, साधनासह आणि योग्य उतारा हाती देऊन. पहिल्या दोहोंतील फरकावरून साधनाचा प्रत्यक्ष लाभ कळतो. योग्य उतारा देऊनही उत्तर चुकले, तर दोष वाचनाचा. उतारा दिल्यावर बरोबर आले पण साधनासह चुकले, तर दोष शोधाचा किंवा पृच्छेचा मानतात. यांखेरीज पृच्छांची संख्या, लागलेला वेळ, उत्तराबरोबर दिलेला आधार खरोखरच त्या विधानाला पुष्टी देतो की नाही, आणि संग्रहात उत्तर नसताना तसे सांगितले जाते की नाही, याही गोष्टी तपासतात.

बीड जिल्ह्याचे उदाहरण : मराठी संग्रहावर चाचणी घेताना येणाऱ्या अडचणी बीड जिल्ह्याविषयीच्या कागदपत्रांवरून स्पष्ट होतात. ‘बीड’ हे जिल्ह्याचे नाव आहे, तसेच ते ओतीव लोखंडाचेही नाव आहे; तेव्हा बिडाच्या तव्याचा मजकूर जिल्ह्याच्या माहितीत मिसळू शकतो. आष्टी हे गाव बीडप्रमाणे वर्धा जिल्ह्यातही आहे. परळी वैजनाथाची आहे, तशीच साताऱ्याजवळ सज्जनगडाच्या पायथ्याचीही आहे. निजामी राजवटीतील कागदांत अंबाजोगाईचा उल्लेख मोमिनाबाद असा येतो. केवळ अक्षरे जुळविणारे साधन हे कागद गाळते. केवळ अर्थसाम्य पाहणारे साधन दोन परळींमध्ये घोटाळा करू शकते. याशिवाय जुन्या संगणकीय टंकांत तयार झालेली कागदपत्रे युनिकोडमध्ये न आणल्यास त्यांतील मजकूर निरर्थक अक्षरांच्या स्वरूपात हाती येतो.

सर्वांत गंभीर अडचण कालभेदाची. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत (२०१६) शेतकऱ्याचा हिस्सा विमासंरक्षित रकमेच्या खरिपासाठी २, रब्बीसाठी १·५ व नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत ठरविला होता. २०२० मध्ये या जिल्ह्यात विमा कंपनीचे दायित्व जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत मर्यादित करणारी व्यवस्था आली. तीच पुढे ‘बीड पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. २०२३ च्या खरिपापासून राज्यात शेतकऱ्याला केवळ १ रुपया भरावा लागे. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद होऊन टक्केवारीचा हिस्सा पुन्हा लागू झाला. ‘सोयाबीनसाठी किती हप्ता भरावा ?’ या प्रश्नाला २०२३ चा शासन निर्णय शब्दशः जुळतो. परंतु २०२५ च्या शेतकऱ्याला त्यावरून दिलेले उत्तर चुकीचे ठरते, आणि त्यावर विसंबणाऱ्याचे विमासंरक्षण हुकू शकते. अशा चाचणीत प्रत्येक प्रश्नासोबत तो कोणत्या तारखेला विचारला आहे याची नोंद हवी आणि रद्द झालेला निर्णय उपयोगी कागदांत धरता कामा नये. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांवर छापला जाणारा सांकेतांक येथे उपयोगी पडतो. उत्तरासोबत तो दिल्यास वाचकाला मूळ कागद पडताळता येतो. संगणक-आज्ञावलींच्या मार्गदर्शक पुस्तिकांतही हीच अडचण येते : जुन्या आवृत्तीतील सूचना नव्या आवृत्तीत चालत नाही.

मर्यादा : चाचणीचे प्रश्न व उत्तरे एकदा प्रसिद्ध झाली की ती भाषिक प्रतिमानांच्या शिक्षणसामग्रीत मिसळू शकतात, मग एजंट न शोधताही बरोबर उत्तर देतो आणि साधनाचे यश फसवे ठरते. यासाठी प्रश्न वेळोवेळी बदलावे लागतात. शिवाय इंग्रजी संग्रहावर मिळालेले गुण मराठी कागदपत्रांना लागू पडतीलच असे नाही. उपयोगी कागद कोणता, हा निवाडा त्या विषयाची, भाषेची व प्रदेशाची माहिती असलेल्या माणसांनीच करावा लागतो. महसूल, शेती व स्थानिक इतिहास यांच्या जाणकारांचे साहाय्य त्यामुळे आवश्यक ठरते.