भाड्याचें घर आणि अकरा महिन्यांचा कागद

कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दींत, बदलापूर स्टेशनच्या पूर्व अंगास खरवई गांव आहे. एके काळचें हें खेडें आतां औद्योगिक वसाहतीचे कारखाने आणि नव्या इमारती यांच्या दरम्यान आलें आहे. कारखान्यांतील कामगार आणि रोज मुंबईची लोकल गांठणारे नोकरदार या दोघांनाही डोक्यावर छप्पर हवें असतें. तेव्हां अशा भागांत भाडेकरू शोधावयास फार हिंडावें लागत नाहीं. म्हणूनच निवृत्तीचे पैसे घालून येथें एक खोली-स्वयंपाकघराची जागा घ्यावी आणि तिच्या भाड्यावर उतारवयांतील दूध-औषधाचा खर्च भागवावा, असा बेत पुष्कळ घरांत होतो. बेत वाईट नाहीं. मात्र जागा विकत घेतांना सात ठिकाणीं चौकशी करणारे हेच लोक ती भाड्यानें देतांना एका संध्याकाळीं सर्व व्यवहार उरकून टाकतात.

भाडेकरू एकदां आंत आला कीं निघत नाहीं, ही घरमालकाची जुनी धास्ती. ती अगदींच निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलीं. टंचाईच्या काळांत गरिबाला रस्त्यावर काढलें जाऊं नये, हा त्यामागील हेतु रास्त होता. परंतु तींच भाडीं पुढें अर्धें शतक टिकलीं आणि त्या पैशांत चाळीचा जिना दुरुस्त करणेंही मालकास परवडेना. अखेर १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या बांधलेल्या भाड्याच्या तरतुदी आतां वाजवी राहिल्या नाहींत, असा अभिप्राय दिला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा अंमलांत आला.

अकरा महिन्यांच्या कागदाची चाल मात्र याहून जुनी. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणें सक्तीचें आहे. तेव्हां मुदत अकरा महिनेच लिहावी, मुद्रांकाच्या कागदावर घरींच सह्या घ्याव्या आणि नोंदणी टाळावी, अशी ही युक्ति. ती अद्यापि चालते असें मानणारे सुशिक्षित लोकही थोडेथोडके नाहींत. वास्तविक १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानें ही वाट बुजविली आहे. भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसेन्सचा करार असो, तो लेखी आणि नोंदलेला हवा, मग मुदत अकरा महिन्यांची कां असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारीही कायद्यानें मालकावरच टाकली आहे. ती चुकविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात.

पण खरी मेख पुढें आहे. करार नोंदलेला नसेल आणि तंटा उपस्थित झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयीं भाडेकरू सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. आठ हजार भाडें ठरलें होतें कीं सहा हजार, हें मग मालकानें शाबीत करीत बसावें! याउलट लिव्ह अँड लायसेन्सचा करार नोंदलेला असेल तर राहणारास केवळ राहण्याची परवानगी मिळते, जागेवर हक्क मिळत नाहीं. मुदत संपूनही तो हालला नाहीं, तर २४ व्या कलमाखालीं सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो, आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानें भरपाई मागतां येते.

एवढ्या संरक्षणासाठीं खर्च तरी किती? समजा, महिना ८,००० रुपये भाडें, ४०,००० रुपये अनामत आणि मुदत अकरा महिने. एकूण भाडें ८८,००० रुपये. अनामतीवर वर्षाला दहा टक्के प्रमाणें धरलेलें व्याज सुमारें ३,६६७. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण २३० रुपये! नोंदणीची फी वेगळी. पण तीही एका महिन्याच्या भाड्यापुढें किरकोळ. हल्लीं हें काम संगणकावरून घरबसल्या होतें. भाडेकरूचाही यांत फायदाच आहे: अनामतीचा आंकडा कागदावर राहतो आणि पत्त्याचा पुरावा हातीं येतो.

आतां हिशोब. आठ हजारांस बारानें गुणून ९६,००० रुपये उत्पन्न मांडणें हें कागदावरचें सुख. भाडेकरू बदलतांना एक महिना जागा रिकामी राहिली कीं ८८,००० उरले. सोसायटीचा आकार दरमहा १,२०० धरला तर १४,४०० गेले. मालक स्वतः राहत नाहीं म्हणून सोसायटी वेगळी रक्कम घेते. पण १ ऑगस्ट २००१ च्या शासननिर्णयाप्रमाणें ती सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असतां कामा नये. घरपट्टी, दलाली, रंग आणि गळके नळ यांत आणखी १८,००० गेले, तर हातीं ५५,००० च्या आसपास राहतात. जागेस वीस लाख पडले असतील तर हें व्याज सुमारें पावणेतीन टक्केच पडतें. प्राप्तिकरांत मात्र थोडी सवलत आहे: मालकानें भरलेली घरपट्टी वजा जातां उरलेल्या रकमेच्या तीस टक्के वजावट, दुरुस्ती केली असो वा नसो, मिळते. अनामत ही उत्पन्नांत धरूं नये. ती परत द्यावयाची ठेव आहे आणि ती मुलाच्या फीला वापरून टाकणाऱ्या मालकाची पुढें फार तारांबळ उडते.

भाडें थकलें म्हणून भाडेकरूचें पाणी किंवा वीज तोडण्याचा मार्ग कोणी सुचविल्यास तो ऐकूं नये. कायद्यानें तो गुन्हा आहे. खरवई ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दींत येते, तेव्हां नव्या भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यांत देऊन तिची पोच जपावी. किल्ली देण्यापूर्वीं विजेच्या मीटरचा आंकडा, पंखे, नळ आणि भिंतींची स्थिति यांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्या. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीं पुढील बेत विचारावा. राहावयाचें असेल तर नवा करार पुन्हां नोंदवावा. जावयाचें असेल तर तीच यादी घेऊन दोघांनीं घरांतून एकदां फिरावें, थकलेलें वीजबिल वजा करावें आणि किल्ली घेतांनाच अनामत परत करून पावती घ्यावी.